ओटीपी म्हणजे आपला अंगठा

दुपारची भांडी आवरून रेडिओजवळ बसलेल्या सगळ्यांना नमस्कार, आणि गटाच्या बैठकीत हा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणाऱ्या ताईलाही नमस्कार. आज आम्ही बोलणार आहोत साठी ओलांडलेल्या बायकांच्या शिक्षणाबद्दल, म्हणजे अक्षरांच्या आणि मोबाईलच्या शिक्षणाबद्दल. घरात आजी असतील, सासूबाई असतील, शेजारच्या मावशी असतील, तर त्यांनाही जवळ बोलवा. विषय त्यांचाच आहे.

आम्ही कल्याण तालुक्यातल्या काही गावांत आणि डोंबिवलीतल्या काही चाळींत बचत गटांच्या समन्वयाचं काम करतो. गट म्हटला की वही आली, हप्ता आला, बँकेची पायरी आली. पूर्वी गटातल्या वयस्क बायकांची अडचण म्हटली की आम्हांला एकच आठवायची, ती म्हणजे सही. ठरावाच्या कागदावर अंगठा उमटवताना त्या खाली बघायच्या. म्हणून आम्ही गटागटांत सही शिकवली. पाटीवर गिरवून घेतली, जुन्या वहीच्या मागच्या पानावर गिरवून घेतली. सही आली की वाटायचं, झाली आजी साक्षर.

तसं झालं नव्हतं. ते आम्हांला एका आजींनी शिकवलं.

या आजी सत्तरीच्या. श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १,५०० रुपये त्यांच्या खात्यात येतात. त्यातले थोडे थोडे बाजूला टाकून त्यांनी सहा हजारांवर रक्कम साठवली होती. पावसाळ्याआधी पडवीचे पत्रे बदलायचे होते. एका दुपारी त्यांना फोन आला. समोरचा म्हणाला, "बँकेतून बोलतोय. तुमची केवायसी संपली आहे. आज केली नाही तर पेन्शन बंद होईल. मोबाईलवर एक आकडा आलाय तो सांगा." आजींना संदेशातला इंग्रजी आकडा वाचता येईना. पेन्शन जाईल या भीतीनं त्या शेजारच्या घरी गेल्या आणि सातवीतल्या मुलाला म्हणाल्या, "बाळा, एवढं वाचून दाखव रे यांना." मुलगा शहाणा. त्यानं सहाही आकडे स्पष्ट वाचले.

आजींनी चार दिवस कुणाला काही सांगितलं नाही. गटाच्या दोन बैठका त्या आल्या नाहीत, म्हणून आम्ही घरी गेलो तेव्हा कळलं. १९३० या क्रमांकावर तक्रार केली, बँकेत अर्ज दिला. पण तोवर पैसे पुढच्या पुढच्या खात्यांत निघून गेले होते. ते परत आले नाहीत. पत्रेही बदलले नाहीत, त्या पावसाळ्यात पडवीवर ताडपत्री होती.

आम्ही आजींना म्हणालो, "आजी, असा आकडा कुणाला सांगायचा नसतो हो." त्यावर त्या म्हणाल्या, "एवढी वर्षं तुम्हीच म्हणायचात ना, आजी आकडा सांगा. तुम्हांला सांगायचे तसाच त्यालाही सांगितला."

यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं, कारण ते खरंच होतं. २०२४ मध्ये मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना आली तेव्हा आम्ही रात्री उशिरापर्यंत बसून गटातल्या बायकांचे अर्ज आमच्या मोबाईलवरून भरले. २०२५ च्या सप्टेंबरात त्याच योजनेला केवायसी सक्तीची झाली तेव्हाही तेच. रांगेत बसवायचं, आधार क्रमांक टाकायचा, "आकडा आला का, सांगा" म्हणायचं आणि पुढची बोलवायची. काम लवकर व्हायचं. बायका आशीर्वाद द्यायच्या. पण तो आकडा म्हणजे काय, हे सांगायला आम्ही कधी थांबलो नाही. मागितला की द्यायचा असतो, हा धडा आम्हीच दिला. चोरानं फक्त त्याचा फायदा घेतला.

अंगठा, सही आणि ओटीपी

ओटीपी म्हणजे एकदाच चालणारा परवलीचा आकडा. आपल्या खात्यात, आपल्या नावावर कुणी काही करू लागलं की बँक किंवा सरकारी यंत्रणा आपल्या मोबाईलवर तो पाठवते आणि जणू विचारते, "हे तुम्हीच करताय ना? तुमची संमती आहे ना?" तो आकडा भरला की संमती झाली. म्हणजे ओटीपी हा आपला अंगठाच आहे. फरक एवढाच की अंगठा आपल्या हाताला असतो, आणि ओटीपी फोनवरून कुणालाही सांगता येतो.

अंगठ्यानं काय काय गेलंय, ते आपल्या जिल्ह्याला नव्यानं सांगायला नको. जुन्या ठाणे जिल्ह्यातल्या, म्हणजे २०१४ पासून पालघरमध्ये गेलेल्या डहाणू-तलासरी भागात वारली माणसं लग्नासाठी कर्ज घ्यायची आणि ते फेडायला नवराबायको सावकाराच्या घरी राबायची. त्यांना 'लग्नगडी' म्हणत. कर्जाचा हिशेब सावकाराकडे, आणि तो वाचता येत नाही अशी माणसं त्याच्या दारात. १९४५ च्या जानेवारीत आपल्या टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. त्यानंतर गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या साथीनं वारल्यांनी ही वेठबिगारी मोडून काढली. दुसऱ्याच्या वहीत आपल्या नावावर काय लिहिलंय ते कळत नसलं की माणूस किती अडकतो, हे त्या काळानं दाखवलं. आज ती वही मोबाईलमध्ये आली आहे, एवढंच.

म्हणून आम्ही म्हणतो, सही येणारी आजीसुद्धा आज पुन्हा अंगठ्यावर आली आहे. तिचा फोन मुलाकडे, तिचं एटीएम कार्ड सुनेच्या पाकिटात, तिचा ओटीपी नातवाच्या तोंडी. घरचे सगळे चांगलेच असतील. पण चांगल्या माणसाच्या हातात असला तरी अंगठा आपलाच हवा.

आजींचं वय नेहमी कसं चुकलं

प्रौढ शिक्षण आपल्याकडे काही नवीन नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८५५ साली कष्टकरी स्त्री-पुरुषांसाठी रात्रीची शाळा काढली होती. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यातून ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. २ ऑक्टोबर १९७८ ला देशभर राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम आला, १९८८ मध्ये राष्ट्रीय साक्षरता मिशन आलं, २००९ मध्ये स्त्रियांवर भर देणारं साक्षर भारत आलं आणि २०१८ मध्ये ते थांबलं.

आता आपल्या सत्तरीच्या आजींचं वय या सालांशेजारी मांडून बघा. १९५५ चा जन्म धरला तर १९७८ मध्ये त्या २३ वर्षांच्या होत्या. त्या कार्यक्रमाचा भर १५ ते ३५ वयावर होता, म्हणजे आजी त्यात बसत होत्या. पण कडेवर मूल, पाठीमागे सासर आणि दिवसभर भाताची लावणी. रात्रीच्या वर्गाला कोण पाठवणार? १९८८ मध्ये त्या ३३ वर्षांच्या, तेव्हाही वयोगट तोच आणि कामही तेच. पुढे २०१७ मध्ये खेड्यातल्या माणसांना मोबाईल-संगणक शिकवायची मोठी सरकारी योजना आली, प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान. घरटी एकाला २० तासांचं प्रशिक्षण. तिची वयोमर्यादा होती १४ ते ६०, आणि आजी तेव्हा ६२ वर्षांच्या. वय होतं तेव्हा सवड नव्हती आणि सवड मिळाली तेव्हा वय उलटून गेलं होतं.

म्हणून "आजींना आता काय शिकवायचं" असं कुणी म्हणालं की आम्ही हीच सालं मोजून दाखवतो. आजी शिकायच्या राहिल्या, यात त्यांच्या डोक्याचा दोष नव्हता.

आताच्या योजनेत ही चूक थोडी सुधारली आहे. २०२२ ते २०२७ या पाच वर्षांसाठी केंद्र सरकारचा नवभारत साक्षरता कार्यक्रम सुरू आहे, त्याला 'उल्लास' म्हणतात. वय १५ च्या पुढे कितीही चालतं. 'प्रौढ शिक्षण' हा शब्दही मागे पडला, आता 'सर्वांसाठी शिक्षण' म्हणतात. आणि महत्त्वाचं म्हणजे नुसतं वाचन, लेखन आणि हिशेब यांवर हा कार्यक्रम थांबत नाही. पैशाचे व्यवहार, मोबाईल, कायदा, आरोग्य, आपत्तीच्या वेळी काय करायचं, हेही त्यात शिक्षण म्हणून धरलं आहे. शिकवणारे स्वयंसेवक असतात, त्यांना मानधन नसतं. शेवटी १५० गुणांची चाचणी असते: वाचन ५०, लेखन ५०, संख्याज्ञान ५०. प्रत्येक भागात ३३ टक्के मिळाले की प्रमाणपत्र. महाराष्ट्रात अशी पहिली चाचणी १७ मार्च २०२४ ला झाली. तुमच्या आजींचं नाव घालायचं असेल तर गावातल्या जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांना विचारा, आणि गटातल्या शिकलेल्या मुली-सुनांची नावं स्वयंसेवक म्हणून द्या.

फांगण्याच्या आजी

सरकारी योजनेची वाट न बघता एका गावानं काय केलं, तेही आपल्याच जिल्ह्यातलं, ते सांगतो. मुरबाड तालुक्यातलं फांगणे हे छोटं गाव. तिथे ८ मार्च २०१६ ला, महिला दिनी, 'आजीबाईंची शाळा' सुरू झाली. गावच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी पुढाकार घेतला, मोतीराम दलाल ट्रस्टनं मदत केली. विद्यार्थिनी साठ ते नव्वद वर्षांच्या. गणवेश गुलाबी साडी, पाठीवर दप्तर, हातात पाटी. वेळ दुपारी दोन ते चार.

ही शाळा पुढे खूप गाजली, लांबलांबून लोक बघायला आले. पण आमच्या कामाच्या दृष्टीनं त्यात तीन साध्या गोष्टी आहेत. पहिली, सुरुवात आजींच्या इच्छेपासून झाली. गावात पोथी वाचली जायची, ती आपल्याला स्वतःला वाचता यावी असं आजींना वाटत होतं. दुसरी, वेळ आजींच्या सोयीची होती. सकाळचं शेत आणि स्वयंपाक उरकल्यावर, संध्याकाळच्या चुलीच्या आधी. तिसरी, गणवेश आणि दप्तर यांमुळे आजींना कुणी चोरून शिकायला लावलं नाही. त्या गावाच्या देखत, ताठ मानेनं शाळेत गेल्या.

मोबाईलच्या वर्गाला आम्ही याच तीन गोष्टी लावल्या.

शुक्रवारचा वर्ग

पत्र्यांच्या त्या प्रसंगानंतर आम्ही एका गावात समाजमंदिराच्या ओट्यावर शुक्रवारी दुपारी दोन ते साडेतीन वर्ग सुरू केला. अकरा जणी आल्या. पहिल्याच दिवशी आम्ही ओटीपीवर भाषण दिलं आणि फसलो. दोघी पेंगल्या, एक म्हणाली, "मला हे नको. लेक सुरतेला असते, तिचं तोंड बघायला शिकवा." दुसरी म्हणाली, "मला भजन लावायला शिकवा, नातू नसला की फोन नुसता पडून असतो."

मग तिथूनच सुरुवात केली. फोन उचलणं, ठेवणं, आवाज वाढवणं. लेकीच्या नावापुढे तिचा फोटो लावणं, म्हणजे नाव वाचता आलं नाही तरी तोंड बघून फोन लागतो. व्हिडिओ कॉल. माईकच्या खुणेवर बोट ठेवून मराठीत बोलणं, की हवं ते भजन समोर येतं. बँकेचा विषय आम्ही चौथ्या आठवड्यात काढला. तोवर फोनची भीती गेली होती.

शिकवताना आम्हांला ज्या गोष्टी कळल्या, त्या तुमच्या उपयोगाच्या आहेत म्हणून सांगतो.

पहिला नियम शिकवणाऱ्यांसाठी: हात मागे. आजींच्या फोनला आपण हात लावायचा नाही. त्यांना जमेना की आपला हात आपोआप पुढे जातो आणि आपण दोन सेकंदांत करून मोकळ्या होतो. आजी म्हणतात, "हां, कळलं," पण त्यांना काही कळलेलं नसतं. नातवंडांनाही आम्ही हेच सांगितलं, की तोंडानं सांगायचं आणि बोट आजींचंच हवं. एका आजींना फोन नीट उचलायला तीन आठवडे लागले. लागू देत.

दुसरं, बोटांचं. शेतात आणि चुलीपुढे राबलेली बोटं कोरडी, घट्टे पडलेली असतात. काचेला ती लवकर कळत नाहीत, म्हणून आजी जोरात दाबतात आणि दाबूनच धरतात. दाबून धरलं की वेगळंच काहीतरी उघडतं किंवा चिन्ह जागचं हलतं, आणि आजींना वाटतं फोन बिघडला. ओल्या फडक्याला बोट पुसून घ्यायचं आणि कपाळाला कुंकू टेकवावं तसं हलकं टेकवून उचलायचं. एवढं सांगितलं की निम्मी अडचण जाते.

तिसरं, डोळ्यांचं. फोनच्या सेटिंगमध्ये अक्षर मोठं करता येतं आणि भाषा मराठी ठेवता येते. ते पहिल्याच दिवशी करून द्या. तरीही दिसत नसेल तर आधी डोळे तपासून घ्या. आमच्या एक आजी मठ्ठ नव्हत्या, त्यांना मोतीबिंदू होता.

चौथं, आकड्यांचं. सही शिकलेल्या आजींना मराठी आकडे येतात, पण फोनमध्ये आकडे इंग्रजी असतात. त्यांत दोन मोठे चकवे आहेत. आपला मराठी एक हा इंग्रजी नऊसारखा दिसतो, आणि आपला मराठी चार इंग्रजी आठसारखा. म्हणून आजींचा फोन भलतीकडेच लागतो आणि त्या स्वतःला दोष देतात. दोन आणि तीन मात्र जवळजवळ सारखेच आहेत, शून्य तर तेच. तिथून सुरू करा. एका पुठ्ठ्यावर मराठी आकडा आणि त्याखाली इंग्रजी आकडा असे दहा चौकोन काढून भिंतीला लावा.

पाचवं, बँकेच्या संदेशाचं. तो इंग्रजीत येतो, पण सगळं इंग्रजी शिकायची गरज नाही. पैसे जमा झाले की तिथे 'क्रेडिटेड' असं लिहिलेलं असतं, ते 'सी' या अक्षरानं सुरू होतं. 'सी' दिसतो विळ्यासारखा. विळा म्हणजे कापणी, धान्य घरात आलं. पैसे गेले की 'डेबिटेड' लिहिलेलं असतं, ते 'डी'नं सुरू होतं. 'डी' दिसतो अर्ध्या भाकरीसारखा. अर्धी कुणीतरी खाल्ली, म्हणजे पैसे गेले. विळा आणि अर्धी भाकरी, एवढं ओळखलं की आलेला संदेश जमेचा की खर्चाचा ते कळतं. अर्धी भाकरी दिसली आणि आपण काही काढलेलं नसेल, तर त्याच क्षणी घरात ओरडून सांगायचं.

अंगठ्याचं यंत्रही जपून

गावात पुष्कळ आजी अजून आधारवर, यंत्राला अंगठा लावून पैसे काढतात. सोय चांगली आहे, बँकेपर्यंतचं एसटीचं भाडं वाचतं. पण त्यालाही नियम हवेत. अंगठा ठेवण्याआधी यंत्रावर किती रक्कम टाकली आहे ते विचारायचं आणि बघायचं. "उमटला नाही, परत ठेवा" असं म्हटलं तर आधीचा व्यवहार झाला की नाही याची पावती मागायची, मगच परत ठेवायचा. पैसे तिथेच मोजायचे. पावती घरी आणून डब्यात ठेवायची आणि महिन्यातून एकदा पासबुक भरून घेऊन तिच्याशी ताडायची.

आधारचा अंगठा कुलूपबंदही करता येतो. आधारच्या अ‍ॅपवरून किंवा आधारच्या संकेतस्थळावरून ते होतं, आणि माहितीसाठी १९४७ हा क्रमांक आहे. पण नीट ऐका: कुलूप असताना अंगठ्यानं पैसे निघत नाहीत आणि रेशन दुकानातल्या यंत्रावरही अंगठा चालत नाही. म्हणून दर महिन्याला अंगठा लावणाऱ्या आजींनी विचार करूनच ते करावं. जिला त्याची गरजच पडत नाही, तिनं जरूर लावावं.

आमच्या डोंबिवलीच्या चाळींत वेगळी गरज दिसली. तिथल्या पुष्कळ काकूंना नवऱ्याच्या कंपनीच्या फंडाची पेन्शन येते. तिला वर्षातून एकदा हयातीचा दाखला लागतो. तो आता मोबाईलवर चेहरा दाखवूनही देता येतो, 'जीवन प्रमाण' म्हणतात त्याला. गुडघे धरून कार्यालयाचे जिने चढणाऱ्या काकूंसाठी ही केवढी सुटका आहे. पण हे करून द्यायला घरी कुणी अनोळखी आला, किंवा "पेन्शन बंद होईल, लिंक पाठवतो, दाबा" असा फोन आला, तर तो चोर समजायचा.

पाच गोष्टी पाठ असू द्या

वर्गाच्या शेवटी आम्ही दर शुक्रवारी या पाच गोष्टी एकसुरात म्हणून घेतो, आरती म्हणावी तशा.

एक. फोनवर कुणीही ओटीपी मागितला, बँकेचं नाव सांगून, पोलिसांचं नाव सांगून, आमचंही नाव सांगून, तरी द्यायचा नाही. बँक फोन करून ओटीपी मागत नाही.

दोन. पैसे घ्यायला पिन लागत नाही. मोबाईलनं पिन मागितला म्हणजे पैसे जायला निघालेत.

तीन. पोलीस व्हिडिओ कॉलवर कुणाला अटक करत नाहीत. घाबरवणारा फोन आला की ठेवायचा आणि घरच्यांना सांगायचं.

चार. पैसे गेले तर लाजायचं नाही, थांबायचं नाही. लगेच १९३० ला फोन आणि लगेच बँकेला. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, ओटीपी आपणच सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपल्याला सोसावं लागतं, पण कळवल्यानंतर जे जाईल त्याची जबाबदारी बँकेची. म्हणून एक तास आधी कळवलं तरी फरक पडतो.

पाच. पिन पासबुकावर, कव्हरच्या आत, देव्हाऱ्यातल्या चिठ्ठीवर लिहायचा नाही. तो डोक्यातच ठेवायचा.

आणि ज्येष्ठांना कसलीही अडचण असली, घरात त्रास असला, पेन्शनची माहिती हवी असली, तर १४५६७ ही त्यांच्यासाठीची हेल्पलाईन आहे. सकाळी आठ ते रात्री आठ चालू असते.

पुढच्या बैठकीत काय कराल

अकरा जणींतल्या चौघी आमच्या वर्गातून गळाल्या. एकीचे गुडघे, एकीला नातवंड सांभाळायचं, दोघींच्या घरी भाताची कामं आली. लावणीच्या दिवसांत वर्ग बंदच ठेवावा लागतो. ते धरूनच चालायचं. वर्ग मोठा नको. सहा-सात आजी आणि दोन धीराच्या मुली पुरेत.

पण वर्ग सुरू करायच्या आधी पुढच्या बैठकीत फक्त एक काम करा. गटातल्या प्रत्येक वयस्क बाईला विचारा, तुमच्या आधारला कुणाचा मोबाईल नंबर जोडलाय? बँकेच्या खात्याला कुणाचा? आमच्याकडे विचारलं तेव्हा कुणाचा जावयाचा निघाला, कुणाचा गाव सोडून गेलेल्या पुतण्याचा, तर दोघींचा चक्क आमचाच, कारण घाईत आम्हीच टाकला होता. ज्याचा नंबर, त्याच्याकडे अंगठा. आधारचा नंबर आधार केंद्रावर जाऊन बदलून मिळतो, बँकेचा बँकेत अर्ज देऊन. आम्ही आमचे दोन नंबर काढून घेतले. लाज वाटली, पण काढले.

आणि ज्यांचे पैसे गेले त्या आजी? पहिले दोन शुक्रवार त्या वर्गाला आल्याच नाहीत. तिसऱ्या शुक्रवारी ओट्याच्या खाली, दगडावर बसून ऐकत होत्या. आम्ही बोलावलं नाही, नुसती जागा करून ठेवली. पाचव्या आठवड्याला वर आल्या. आता त्यांना विळा आणि अर्धी भाकरी ओळखता येते. इंग्रजी नऊला अजून कधी कधी एक म्हणतात.

परवा गटाच्या कर्जाच्या कामासाठी आम्हांला त्यांच्या मोबाईलवर आलेला आकडा हवा होता. सवयीनं आमच्या तोंडून निघून गेलं, "आजी, आकडा सांगा." त्यांनी फोन पदराखाली घेतला आणि म्हणाल्या, "कशाला पाहिजे? आधी काय भरताय ते वाचून दाखवा."

आम्ही सगळा अर्ज वाचून दाखवला. दहा मिनिटं लागली. मागे रांग होती, पण कुणी काही बोललं नाही. मग आजींनी चष्मा लावला, एकेक आकडा स्वतः वाचला आणि आपल्या बोटानं भरला.

तुमच्या गावच्या आजींनीही असं विचारलं तर रागावू नका बरं का. वाचून दाखवा. नमस्कार.